काहीच नसण्यापेक्षा ठिपका बरा?

पालकांच्या आणि शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर अधूनमधून एक व्हिडिओ फिरतो. काळा पडदा आणि त्यावर एक निळा ठिपका. तो डावीकडून उजवीकडे जातो, पुन्हा डावीकडे येतो. हेडफोन लावला तर 'टुक' असा आवाज एकदा या कानात, एकदा त्या कानात वाजतो. वर लिहिलेले असते की ठिपक्याकडे बघत राहा, मनातली जुनी भीती पुसली जाईल. पावसाळा जवळ आला की खाली कुणीतरी जोडते, 'पूरग्रस्त मुलांना जरूर दाखवा.'

हे पाठवणाऱ्यांची नियत वाईट नसते. त्यांना विचारले की ते एकच वाक्य बोलतात, "अहो मॅडम, काहीच नसण्यापेक्षा हे बरे ना?" माझा वाद या वाक्याशी आहे. हे वाक्य आमच्या कुरुंदवाडसारख्या गावांना आयुष्यभर ऐकवले गेले आहे. पूर्ण शिक्षकांऐवजी तासिका तत्त्वावरचा शिक्षक, डॉक्टरऐवजी औषधाच्या दुकानातला पोरगा, आणि आता मनावर उपचार करणाऱ्या माणसाऐवजी एक ठिपका. काहीच नसण्यापेक्षा बरे!

आधी हा ठिपका आला कुठून ते सांगते. मी उर्दू-मराठी शिकवते, डॉक्टर नाही. पण वाचता येते आणि विचारता येते. अमेरिकेतल्या फ्रान्सीन शापिरो या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या १९८७ मध्ये लक्षात आले की त्रासदायक विचार मनात असताना डोळे झपाट्याने इकडून तिकडे फिरले की त्या विचाराची धार कमी होते. त्यावर काम करून त्यांनी १९८९ मध्ये पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे त्यातून ईएमडीआर नावाची उपचारपद्धती उभी राहिली. उपचार करणारी व्यक्ती समोर बसते, दोन बोटे डोळ्यांसमोर फिरवते, रुग्ण ती वाईट आठवण मनात धरून नजर बोटांमागे फिरवतो. अर्ध्या मिनिटाने बोटे थांबतात. प्रश्न येतो, "आता काय जाणवते?" मग पुन्हा बोटे. बोटांच्या जागी दिव्यांची पट्टी आली, दोन कानांतले आवाज आले, दोन हातांत धरायचे आळीपाळीने थरथरणारे गोळे आले, आणि शेवटी मोबाइलवरचा ठिपका आला.

ही भोंदूगिरी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आघातानंतरच्या तणावावर ज्या उपचारांची शिफारस केली त्यात ईएमडीआर आहे, मोठ्यांसाठी आणि मुलांसाठीही. डोळ्यांच्या हालचालीचा नेमका वाटा किती, यावर मात्र शास्त्रज्ञांत जुना वाद आहे. हार्वर्डचे रिचर्ड मॅकनॅली यांच्यासारख्या टीकाकारांचे म्हणणे असे की यात जे गुणकारी आहे ते जुन्याच उपचारांत होते, आणि जे नवे आहे त्याने विशेष फरक पडत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, फरक पडतो, आणि त्याचे कारणही साधे आहे. आपल्या मनाची एका वेळी काम करण्याची जागा लहान आहे. आठवण डोळ्यांपुढे धरायची आणि त्याच वेळी नजरही फिरवायची, या दोन कामांत ती जागा विभागली जाते. आठवण फिकट होते आणि तशीच फिकट होऊन परत साठवली जाते. हे खरे असेल तर ठिपक्यात जादू उरत नाही. बोट चालेल, थाप चालेल, मनातल्या मनात शंभरातून सात-सात वजा करणेही काही अंशी चालेल. वाद कुठल्याही बाजूने सुटो, ठिपका हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त भाग आहे. आणि आपल्याला फुकट मिळतो तो तेवढाच.

महाग काय आहे ते बघा. या उपचाराच्या आठ पायऱ्या आहेत. पहिलीत माणसाची पूर्ण हकीकत घेतात. दुसरीत त्याला तयार करतात: घाबरून गेलास तर स्वतःला कसे सावरायचे, मनात कुठली सुरक्षित जागा धरायची. तिसरीत नेमकी आठवण ठरवतात. सर्वांत वाईट चित्र कुठले, त्या चित्रात तू स्वतःबद्दल काय समजतोस, त्रास शून्य ते दहात किती. डोळे फिरवणे सुरू होते ते चौथ्या पायरीला. पाचवीत 'मी वाचले, आता ते संपले' असा विचार मनात पक्का करतात. सहावीत अंगात कुठे ताण उरला आहे का ते तपासतात. सातवीत त्या दिवसापुरते झाकण लावून माणसाला शांत करून घरी पाठवतात. आठवीत पुढच्या भेटीला पुन्हा सगळे तपासतात.

व्हिडिओ सरळ चौथ्या पायरीवर उडी मारतो. ज्याला झटके येतात, जो आघाताच्या आठवणीने भान हरपून बसतो, ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार आहेत, त्याच्या बाबतीत जाणकार माणूस आधी थांबतो, विचार करतो, वेळ घेतो. ठिपका थांबत नाही. आणि आठवण उघडून रडू कोसळले तर? ठिपका तरीही डावीकडून उजवीकडे जात राहतो.

आता आमच्याकडची गोष्ट. पंचगंगा आणि कृष्णा एकमेकींना भेटतात त्याच्या शेजारी आमचे गाव. २००५ चा पूर मोठ्यांच्या बोलण्यात आहे, ऑगस्ट २०१९ चा आणि जुलै २०२१ चा आज वर्गात बसलेल्या मुलांच्या अंगात आहे. २०१९ ला शिरोळ तालुक्यातली गावेच्या गावे पाण्याने वेढली. त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला, शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोटच उलटली आणि माणसे बुडाली. ती दृश्ये आमच्या मुलांनी नातेवाइकांच्या मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिली.

पाणी ओसरल्यावर पंचनामे झाले. भिंत किती पडली, म्हैस किती वाहून गेली, धान्य किती कुजले. झालेच पाहिजेत. पण माझ्या वर्गातली एक मुलगी पत्र्यावर पाऊस वाजू लागला की दप्तर उचलून बाकावर ठेवायची, मग स्वतः बाकावर चढून बसायची. कुणी तिला नाटकी म्हणाले, कुणी खोडकर. तिच्या आईला मी विचारले तर ती म्हणाली, "रात को पानी का आवाज आया तो बच्ची उठ के बैठ जाती. मेरा भी दिल बैठ जाता." या मायलेकींच्या नावाने कुठल्या पंचनाम्यात रकाना आहे? राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा आणि ४३ फुटांवर गेले की धोका, हे आमच्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. पोराच्या मनातले पाणी कुठवर चढले आहे, हे मोजणारा माणूस मात्र तालुक्यात शोधूनही सापडत नाही.

त्या आईला कुणी ठिपक्याचा व्हिडिओ पाठवला असता तर काय झाले असते? घरात मोबाइल एक, तो नवऱ्याच्या खिशात. डेटा संध्याकाळी उरला तर उरला. सूचना इंग्रजीत, नाहीतर यंत्राने केलेल्या मराठीत. मी दोन भाषा शिकवते म्हणून मला हे जास्त टोचते. 'आघात' म्हटले की आमच्या बायकांना पक्षाघात आठवतो. उर्दूतला 'सदमा' त्यांना कळतो, पण तो मय्यतीच्या घरचा शब्द आहे. त्या स्वतः म्हणतात धसका घेतला, जी घबराता, दिल बैठ जाता. त्रास शून्य ते दहात सांगा म्हटले तर एखादी म्हातारी बघत राहील, रुपयात किती आणे विचारा, लगेच सांगेल, "बारा आणे." हा उपचार माणसाने स्वतःबद्दल मनात धरलेल्या वाक्यावर उभा आहे, आणि ते वाक्य दखनीत धरलेले असेल तर ते दखनीतच काढावे लागते. त्यासाठी ऐकणारा लागतो.

आता दुसऱ्या टोकाच्या लोकांशीही भांडते, कारण ते आपल्याच घरात आहेत. "बाहेर का असर है, झाड-फूँक करो." "ताईत बांधा." "सब्र करो, भुला दो." शेजारच्या गल्लीत हेच थोड्या वेगळ्या शब्दांत बोलतात, तिथे अंगारा असतो. दुआ करायला माझी ना नाही. मीही करते. पण आपण टायफॉइडला दुआ आणि दवा दोन्ही करतो, मग काळजाला बसलेल्या धक्क्यालाच एकट्या दुआवर का सोडतो? सब्र हा संकटात उभे राहण्याचा गुण आहे. बारा वर्षांच्या पोरीला रात्रभर जागे ठेवून तिच्या गप्प बसण्याला सब्र म्हणणे हा आपला आळस आहे. ताईत देणारा आणि ठिपका पाठवणारा यांच्यात मला एक साम्य दिसते. दोघेही वस्तू हातात ठेवून निघून जातात.

यावरून कुणी मला यंत्राची वैरीण समजू नये. डिजिटल साधनांनी खरी मदत केली आहे, आणि कुठे केली ते बघितले तर माझाच मुद्दा पक्का होतो. २०२० च्या टाळेबंदीत समोरासमोर बसणे बंद झाले तेव्हा जगभरच्या उपचारकांनी व्हिडिओ कॉलवर हे काम सुरू ठेवले. ठिपका पडद्यावर फिरायचा, पण पडद्याच्या एका कोपऱ्यात ओळखीचा चेहरा असायचा. ऑक्सफर्डच्या एका रुग्णालयात तर रस्ता अपघातातून आलेल्या लोकांना तातडीच्या विभागातच टेट्रिस हा खेळ खेळायला दिला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खेळलेल्या लोकांना पुढच्या आठवड्यात अपघाताची दृश्ये कमी वेळा आठवली. पण त्यांच्या हातात नुसता खेळ कोंबला नव्हता. आधी संशोधक जवळ बसले, त्यांना अपघातातला वाईट क्षण आठवायला लावला, मग खेळ दिला.

आणि साधनच हवे असेल तर त्याहून स्वस्त एक आहे. १९९७ मध्ये मेक्सिकोतल्या अकापुल्को शहराला पॉलिन नावाच्या चक्रीवादळाने झोडपले, पुराने घरे वाहून गेली. तिथल्या मुलांबरोबर काम करताना लुसिना आर्टिगास या बाईंनी एक रीत काढली. दोन्ही हात छातीवर फुली करून खांद्यांजवळ ठेवायचे आणि फुलपाखराने पंख हलवावेत तशा आळीपाळीने थापा मारायच्या. मोबाइल नको, वीज नको, डेटा नको. एका वेळी अख्खा गट हे करू शकतो. आमच्यासारख्याच पुरातल्या मुलांसाठी ही रीत निघाली. पण तिथेही मुलांच्या भोवती शिकलेली माणसे होती. कोण थरथरते आहे, कोण चित्र काढता काढता थांबले आहे, हे बघणारी. हात मुलाचेच असले तरी नजर दुसऱ्या कुणाची तरी होती.

आणखी एक गोष्ट ठिपक्याला कळत नाही. ती लिहायला जड जाते, पण मराठी मुसलमानांच्या वाचनात ती आली पाहिजे. हा उपचार 'ते झाले, आता संपले' या पायावर उभा आहे. आमच्या कुरुंदवाडात मशिदीत गणपती बसतो, ही बातमी दर वर्षी कौतुकाने छापून येते आणि ती खरी आहे. याच कोल्हापूर जिल्ह्यात १४ जुलै २०२४ ला विशाळगडाच्या पायथ्याशी गजापूरच्या मुसलमानवाडीत जमाव घुसला, घरे फोडली, मशीद फोडली. तिथल्या एखाद्या बाईला मोठ्या घोषणेच्या आवाजाने आजही कापरे भरत असेल तर तिला ठिपका दाखवून 'आता संपले' म्हणायचे का? जाणकार माणूस आधी विचारतो, आज तू सुरक्षित आहेस का? आणि उत्तर 'नाही' असेल तर तो उपचाराआधी सुरक्षेची गोष्ट करतो. तिला उपचारही मिळायला हवा आणि न्यायही. न्यायाच्या जागी ठिपका चालणार नाही. पुराचेही तसेच. अलमट्टीच्या पाण्याचा वाद दर पावसाळ्यात पेटतो, नदी दर जुलैत फुगते. आमच्या मुलांची भीती पुसून टाकायची नाही. त्यातली रात्री झोपू न देणारी भीती कमी करायची आणि सामान वर ठेवायला लावणारी शहाणी भीती राहू द्यायची. हा फरक करायला अक्कल लागते, आणि ती अक्कल माणसात असते.

शिवाय ही आठवण जाते कुठे? काही ॲप तुम्हाला तुमची सर्वांत वाईट आठवण लिहायला सांगतात. घरात मारहाण सोसणारी बाई ती त्याच मोबाइलवर लिहील, जो रात्री नवरा उघडतो. देशाचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. गटावर व्हिडिओ ढकलणाऱ्याच्या ते गावीही नसते. डॉक्टरच्या खोलीला दार असते. आमच्या घरांना पडदा असतो, आणि मोबाइलला तर तोही नसतो.

आता मूळ वाक्याकडे येते. "मॅडम, हे सगळे पटते, पण माणसे आणायची कुठून?" माणसे कमी आहेत, हे खरे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळले की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचत नाही. अख्ख्या महाराष्ट्रात सरकारी मनोरुग्णालये चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. पण ही टंचाई आभाळातून पडलेली नाही. ज्या गोष्टीची मागणी होत नाही, तिच्यावर खर्च होत नाही, आणि 'काहीच नसण्यापेक्षा बरे' हे वाक्य मागणीचाच गळा दाबते. उद्या कुणी अधिकारी आम्हाला सांगेल, तुमच्या तालुक्यात ॲप दिले आहे, इतक्या हजार लोकांनी ते उतरवून घेतले आहे. कागदावर सेवा पोहोचलेली असेल. मुलगी बाकावरच बसलेली असेल.

कायदा आपल्या बाजूने आहे, हे विसरू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १८ ने सरकारी यंत्रणेकडून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. सरकारची टेलि-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर फोन केला की पलीकडे माणूस बोलतो, मराठीतही बोलतो. हा क्रमांक शाळेच्या फळ्यावर आणि मशिदीच्या, देवळाच्या सूचनाफलकावर लिहा. ठिपक्याचा व्हिडिओ पुढे पाठवायला लागतो तेवढाच वेळ याला लागतो.

आणि मागायचे असेल तर हे मागू. पावसाळ्याआधी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातले दोन दिवस आघातावर उपचार करायला शिकलेली व्यक्ती बसावी. ती येऊ शकत नसेल त्या दिवशी तिथेच एका बंद खोलीत मोठा पडदा असावा, पलीकडे तीच व्यक्ती आणि अलीकडे सोबतीला प्रशिक्षित परिचारिका. त्या पडद्यावर खुशाल ठिपका फिरू दे. मी स्वतः मुलींना घेऊन येईन. प्रत्येक पूरग्रस्त शाळेतल्या एका शिक्षकाला ओळखायला शिकवावे की कुठले मूल नुसते घाबरले आहे आणि कुणाला पुढे पाठवायला हवे. उपचार करायला शिकवू नका, ओळखायला शिकवा. आम्हा बी.एड.वाल्यांना तेवढे जमते. प्रश्नावल्या साध्या मराठीत आणि उर्दूत छापाव्यात, आणि छापण्याआधी आमच्या गल्लीतल्या चार बायकांना वाचून दाखवाव्यात. पंचनाम्यात घर, जनावर आणि पीक यांच्याखाली एक ओळ वाढवावी: घरातले कुणी झोपत नाही का?

यात न परवडणारे काय आहे? एक खोली, एक पडदा, आठवड्यातले दोन दिवस आणि पंचनाम्यातली एक ओळ. पूर आला की पुढाऱ्यांच्या गाड्यांचा ताफा, छायाचित्रे आणि बिस्किटांच्या पुड्यांवरचे फोटो, हे सगळे परवडतेच ना?

म्हणून पुढच्या वेळी तो व्हिडिओ गटावर आला तर पाठवणाऱ्याला दुखवू नका, पण पुढेही पाठवू नका. त्याला एवढेच विचारा, भाई, तुझ्या पोरीने धसका घेतला तर तू तिला हा ठिपका दाखवून दुकानावर निघून जाशील का? तो नाहीच म्हणेल. तो तिच्याजवळ बसेल. मग दुसऱ्याच्या पोरीजवळही कुणीतरी बसावे, ही मागणी घेऊन आपण तहसील कचेरीत जाऊ. जूनच्या आधी जाऊ.